सर्किट काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्पोनंट हलवला की वायरचं काय व्हावं?

तुम्ही विचारलंय की कॉम्पोनंट हलवल्यावर वायर ताणली जावी, तुटावी, की सॉफ्टवेअरने ती नव्याने आखावी. ताणली जावी. पण त्याहून मोठा प्रश्न राहिलाच: ताणलेली वायर भलत्याच वायरला जाऊन चिकटली तर?

याच कारणाने आमचं एक बोर्ड बंद पडलेलंच हातात आलं होतं. स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटचं चित्र, तपासून झालं होतं. नंतर एका सहकाऱ्याने रेग्युलेटरच्या (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या चिपच्या) इनपुटचा कपॅसिटर जरासा डावीकडे सरकवला, कारण त्याच्या व्हॅल्यूचा आकडा रेघेवर येत होता. त्याची ग्राउंडकडची वायर सोबत ओढली गेली, काटकोनात वळली आणि तिचा कोपरा नेमका चिप चालू-बंद करणाऱ्या इनेबल पिनच्या वायरवर बसला. सॉफ्टवेअरने तिथे आपणहून जंक्शनचा, म्हणजे वायरी जोडल्याचा, ठिपका टाकला. झालं, इनेबल ग्राउंडला, म्हणजे चिप बंद!

ईआरसीने, म्हणजे जोडण्यांच्या चुका शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या तपासणीने, चकार शब्द काढला नाही. इनपुट पिन ग्राउंडला जोडणं नियमात बसतं, आणि त्या वायरला लेबल नसल्यामुळे एका नेटला (एकमेकांना जोडलेल्या वायरी-पिनांच्या गटाला) दोन नावं झाल्याची तक्रारही आली नाही. बोर्डाच्या इनपुटला 12 व्होल्ट, आउटपुटला शून्य. सोल्डरिंग पाहिलं, चिप बदलली, तरी तेच. शेवटी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून इनेबल आणि ग्राउंडला टोकं लावली, तर बीप वाजला. बोर्डावरची ती जोडणी (ट्रॅक) कापल्यावर बोर्ड चालू झालं.

आमचे सीनियर त्या सहकाऱ्यालाच म्हणाले, "ठिपका दिसत होता की, नीट बघायला नको?" मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ग्राउंडच्या रेघेवर ठिपकेच ठिपके असतात, त्यात एक जास्तीचा कोणाच्या नजरेत भरणार? त्याला फक्त जागा बदलायची होती. जागा बदलताना नेट बदललं, तर दोष सॉफ्टवेअरचाच.

म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हलवण्याआधी कोणती पिन कोणत्या नेटवर आहे याची यादी करून ठेवा, सोडताना पुन्हा करा आणि दोन्ही ताडून बघा. फरक पडणार असेल तर ओढत असतानाच ती जागा लाल दाखवा आणि विचारल्याशिवाय जंक्शन टाकू नका. मोठ्या स्कीमॅटिकलाही हे काम जड नाही.

तोडायची सोय हवीच, पण वेगळी. किकॅड या सर्किट काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एम' दाबलं तर वायर जागेवर राहते, 'जी' दाबलं तर सोबत येते. तशाच ऑरकॅडमध्ये ओढताना ऑल्ट दाबून धरलं की सुटते. नव्याने आखण्याच्या फंदात पडू नका. फीडबॅकची (आउटपुटकडून परत इनपुटला येणारी) वायर माणूस मुद्दाम वरून फिरवून आणतो, कारण वाचणाऱ्याला लूप दिसावा लागतो. सॉफ्टवेअर ती जवळच्या वाटेने नेऊन टाकेल.

एक मात्र, नेट न बदलण्याचा हा नियम हलवण्यापुरताच. एलटीस्पाइस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये वायरवर रेझिस्टर ठेवला की मधली वायर आपोआप कापली जाते. तिथे नेट मुद्दामच बदलायचं असतं आणि ते फार सोयीचं आहे.

सीनियरांचं म्हणणं होतं की हलवताना वायर तुटलेलीच बरी, निदान लोंबकळणारं टोक ईआरसीत सापडतं. तेवढं खरं आहे. पण मग प्रत्येक टोक हाताने पुन्हा जोडावं लागतं, आणि शेजारच्या पिनला जोडलेलं टोक ईआरसीला बरोबरच दिसतं.