पुंगळीचा लायटर कोणत्या लढाईतला?

प्रश्न : पणजोबांच्या ट्रंकेत काडतुसाच्या पितळी पुंगळीचा लायटर सापडला. पणजोबा मराठा पलटणीत होते आणि तो त्यांनी कूतच्या वेढ्यात बनवला, असे आज्जी सांगत असे. तळाशी ‘के’ व ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरे, त्यांच्यामध्ये बाणाची खूण आणि ‘१७’ हा आकडा आहे. तो खरोखर तेव्हाचा असेल का? चिंचेने घासला तर चालेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण असून, ती दोन अक्षरे खडकीच्या, म्हणजे तेव्हाच्या ‘किर्की’च्या, दारूगोळा कारखान्याची आहेत. ‘१७’ हे १९१७ साल. परंतु ते पुंगळीचे साल आहे, लायटरचे नव्हे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील, म्हणजे आताच्या इराकमधील, कूत येथे १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी तुर्की फौजेच्या वेढ्यात अडकल्या होत्या हे खरे. मात्र वेढ्यातल्या त्या ब्रिटिश-हिंदी सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली, त्यामुळे पुढच्या वर्षी तयार झालेली पुंगळी त्या वेढ्यात असणे शक्यच नाही. आज्जींची आठवण त्यामुळे अगदीच खोटी ठरते असे मी म्हणणार नाही. १९१७ मध्ये ब्रिटिश फौजांनी कूत परत घेऊन बगदादही जिंकले, आणि ‘कूतकडची वस्तू’ची घरोघरी सांगता सांगता ‘वेढ्यातली वस्तू’ होण्यास वेळ लागत नाही.

अशा वस्तू सैनिकांनी फावल्या वेळात घडवल्या, तशाच युद्धानंतर आठवणवस्तू म्हणून विकण्यासाठीही त्या पुष्कळ बनल्या. म्हणून आता जोडकाम पाहावे. एखाद्या स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल, तर तो स्क्रू १९३० नंतरच्या दशकातला किंवा त्याहूनही अलीकडचा आहे. मग लायटरच उशिरा बनला की केवळ दुरुस्त झाला, हे बाकीच्या डाखकामावरून ठरवावे लागेल. ठिणगीच्या खड्यावरून मात्र काही ठरणार नाही, कारण तो झिजला की बदलतातच.

चिंच लावू नये. पितळेवरचा काळसरपणा हाच जुनेपणाचा पुरावा असतो, आणि घासण्यात हाताने कोरलेले एखादे पुसट नाव किंवा पलटणीचा आकडा निघून जातो. कोरड्या सुती कापडाने पुसणे पुरेसे आहे. आतला जुना कापूस आणि वातही काढून टाकू नयेत.