माळरानावर गॅससाठी नेपियर लावावं का?

प्रश्न (माण तालुका): आमची तीन एकर मुरमाड जमीन आहे. बाजरी-मटकीशिवाय काही पिकत नाही. गॅस प्रकल्पाचे लोक म्हणतात, नेपियर गवत लावा, पुढं चार-पाच वर्षं बघायला नको. नोंदणीचे पैसेही मागतात. काय करावं?

उत्तर: भाऊ, गवतापासून गॅस होतो, हे खरं आहे. हिरवं नेपियर बारीक करून हवाबंद टाकीत कुजवतात. त्यातला मिथेन शुद्ध करून, दाबाखाली भरून गाडीच्या इंधनासाठी विकतात. केंद्र सरकारची ‘सतत’ योजना त्यासाठीच 2018 पासून आहे.

पण तुमच्या विहिरीला मार्च ते मे पाणी किती असतं, ते आधी सांगा. नेपियरचे हेक्टरी दीडशे-दोनशे टनांचे आकडे भारी जमिनीतले, बारमाही पाण्याचे आणि भरपूर खताचे असतात. उन्हाळ्यात पाणी तुटलं तर नेपियरचे ठोंब जगतील, पण कापणी मिळणार नाही. पडीक रानात काहीही न घालता टनावारी देणारं गवत मला तरी अजून दिसलेलं नाही. पाणी नसेल तर हा करार करू नका. त्या रानात मारवेल, पवना किंवा अंजन गवत लावा. गॅसवाले ते घेणार नाहीत, पण जनावरं खातील आणि मातीही धरून राहील.

थोडं ठिबक जमत असेल तर यंदा फक्त पाच गुंठे लावा. तीन महिन्यांच्या पक्व खोडाच्या दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या घ्या, अंतर 90 × 60 सेंमी ठेवा. एकरी साधारण साडेसात हजार कांड्या लागतात, म्हणजे पाच गुंठ्यांना हजारभर पुरतात. ‘फुले जयवंत’ या नेपियरच्या वाणाचं बेणं राहुरी कृषी विद्यापीठाकडे विचारा, भारी नावांच्या कांड्यांना दहापट दर देऊ नका. पहिली कापणी सुमारे अडीच महिन्यांनी, जमिनीपासून अर्धा वीत वर करा. प्रत्येक कापणीनंतर एकरी 10 किलो नत्र द्या, म्हणजे 22 किलो युरिया. गवत दरवेळी जमिनीतून अन्न उचलून नेतं. म्हणून गॅस काढून उरलेली प्रकल्पातली मळी खतासाठी परत मिळेल का, हे करारात लिहून घ्या.

आता वाहतूक. हिरव्या नेपियरमध्ये पाऊणपेक्षा जास्त पाणीच असतं. चार टनांची ट्रॉली भरली, तर तीन टनांहून जास्त पाण्याचंच डिझेल जाळलं. प्रकल्प लांब असेल आणि वाहतूक तुमच्याकडे असेल तर हातात काही उरत नाही. दर शेतावरचा की प्रकल्पावरचा, वजन कुठं होणार, उचल उशिरा झाली तर भरपाई कोण देणार, हे सगळं कागदावर हवं.

आणि प्रकल्प उभा नसताना नोंदणीचे पैसे भरू नका. आधी जाऊन टाकी चालू आहे का, ते डोळ्यांनी बघा. तोवर पाच गुंठ्यांचं गवत तुमच्याच गोठ्यात कडबा किंवा मेथीघासाबरोबर मिसळून घाला. एकटं, कोवळं नेपियर घालू नका, त्यात जनावरांना अपाय करणारं ऑक्झलेट असतं.