जुने मशीन घेताना आधी कापड कसे सरकते ते पाहा

नमस्कार. सोफ्याच्या गाद्या आणि पुढे मोटारसायकलच्या सीट शिवायला शिकण्यासाठी शर्टांच्या बंद पडलेल्या कारखान्यातले ज्युकी कंपनीचे डीडीएल-८७०० हे शिलाई मशीन घ्यावे, की बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडचे, त्याच कंपनीचे पण त्याहून बरेच महाग असलेले डीएनयू-१५४१ घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझा कौल दुसऱ्याला आहे; आणि ते आज परवडत नसेल, तर पहिले स्वस्तात पदरात पाडून घेण्यापेक्षा काही महिने थांबावे, असेही मी म्हणेन.

‘इंडस्ट्रियल’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. कारखान्याचे मशीन म्हणजे वाटेल ते शिवणारे दणकट मशीन नव्हे. एकच प्रकारचे काम दिवसभर न थकता करणारे ते मशीन असते. डीडीएल-८७०० मिनिटाला ५५०० टाके घालू शकते, पण कापड पुढे नेण्याचे काम त्यात केवळ खालचे दाते करतात. शर्टाला तेवढे पुरते. रेक्झिनचा वरचा थर मात्र प्रेशर फूटला, म्हणजे कापड वरून दाबून धरणाऱ्या पायाला, चिकटून मागे रेंगाळतो आणि खालचा पुढे निघून जातो. वीतभर शिवणीत हे जाणवतही नाही. परंतु गादीच्या चारही बाजूंनी फिरणारी दोन मीटरची पट्टी लावत शेवटच्या कोपऱ्याशी आलो, की दोन्ही थरांवरच्या खुणा बोटभर सरकलेल्या दिसतात आणि शिकणारा मनुष्य आपल्या बेतण्याला दोष देत बसतो. मी तो कित्येक आठवडे दिला होता.

डीएनयू-१५४१ मध्ये सुई कापडात उतरल्यावर दात्यांबरोबरच सरकते, तिच्यासोबत आतला फूटही चालतो आणि ही जोडी परत येईपर्यंत बाहेरचा फूट थर दाबून धरतो. त्यामुळे वरचे रेक्झिन, मधली पायपिंग (शिवणीत बसवायची गोल किनार) आणि खालची पट्टी एकाच चालीने पुढे जातात. टाका ९ मिलिमीटरपर्यंत लांब घालता येतो. वेगाची कमाल मर्यादा २५०० टाक्यांची आहे, आणि खरे सांगायचे तर शिकणाऱ्याला तीही फार होते.

मोटरची पाटी वाचल्याशिवाय व्यवहार करू नये. माझे पहिले मशीन शर्टांच्याच कारखान्यातले होते आणि त्याची मोटर तीन फेजची, ४१५ व्होल्टची निघाली; घरच्या एक फेजच्या विजेवर ती चालत नाही. विकणाऱ्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तशी ही अडचण मोठी नाही, कारण जुनी क्लच मोटर एक फेजची असली, तरी ती काढून सर्व्हो मोटर बसवावी, असेच मी सुचवीन. क्लच मोटर बटण दाबल्यापासून पूर्ण वेगाने फिरत राहते आणि पाय जरा जड पडला की मशीन उधळते. सर्व्होमध्ये वेगाला मर्यादा घालून एकेक टाका घेता येतो. तो खर्च मनात धरूनच भाव करावा.

पाहायला जाताना आपण जे शिवणार आहोत त्याच रेक्झिनचे तुकडे आणि पायपिंग सोबत न्यावी. विकणाऱ्याने पुढे केलेल्या सुती चिंधीवर कोणतेही मशीन सुरेखच शिवते. पट्टा उतरवून चाक हाताने फिरवावे आणि ते एखाद्या ठिकाणी अडते का, हे बघावे. सुई अगदी खाली असताना सुईचा दांडा धरून हलवावा. आडवी ढिलाई हाताला जाणवली, तर झीज झाली आहे असे समजावे. सुईच्या पट्टीवरील भोकाभोवती ओरखडे असतील, तर सुया आदळलेल्या आहेत, तेव्हा शटलचे, म्हणजे सुईचा दोरा खालून पकडणाऱ्या फिरत्या भागाचे, टोकही नखाने तपासावे. टोकावर नुसती कुसळ उठली असेल, तर बारीक दगडाने घासून ती जाते. टोक बोथट झाले असेल, तर शटल नवे घ्यावे लागते. यानंतर दोन थरांवरून एकदम चार थरांवर चढून पुन्हा खाली उतरावे. टाक्याची लांबी चढावर आखडत असेल, तर फूटची उचल जुळवून पाहावी. तेवढ्याने टाके सुधारले नाहीत, तर ते मशीन सोडून द्यावे.

मॉडेलच्या नावापुढे ‘एस’ असेल, तर त्यात सेफ्टी क्लच असतो. दोरा गुंतला की तो सुटतो आणि सुई खालीवर होत असूनही शटल जागचे हलत नाही. अशा अवस्थेतले मशीन ‘बिघडलेले’ म्हणून कमी भावात मिळू शकते. दोरा काढून, या क्लचचे बटण दाबून धरून चाक जोर देऊन फिरवले की क्लच पुन्हा बसतो. सुया मात्र १३५×१७ या जातीच्याच घ्याव्यात, शर्टाच्या मशीनच्या त्यात चालत नाहीत.