गिटार लाकडाची, आवाज पत्र्याचा

चवथ जवळ आली की भजनाच्या, भावगीतांच्या बैठका वाढतात आणि आमच्याकडे येणारी साउंडची पत्रेही. या वेळी गिटारवाल्यांची पाळी.

प्रश्न – देवळाच्या सभामंडपात अभंग-भावगीतांना गिटारची साथ करतो. सॅडलखाली पिकअप बसवून घेतला आहे, त्याला बॅटरी नाही. केबल थेट मिक्सरमध्ये लावली की पत्र्याचा डबा वाजवल्यासारखे वाटते. बास वाढवला तर नुसती घरघर. गिटार बदलू का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर – मुळीच नको. गिटार निर्दोष आहे, चूक जोडणीत आहे.

सॅडल म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती हाडाची कांब. तिच्याखालचा तुमचा पिकअप म्हणजे पिएझोची पट्टी. दाब पडला की ती वीज देते, पण फार दुबळी. विजेच्या हिशेबाने ती म्हणजे साधारण १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. हा कपॅसिटर आणि पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा, ओहममध्ये) मिळून खालचे सूर अडवणारी चाळणी तयार होते. मिक्सरच्या लाइन इनपुटला १० किलोओहम धरले, तर ती चाळणी १६,००० हर्ट्झच्या आसपास लागते आणि त्याखालचे सगळे उतरत जाते. तुमची जाड तार वाजते ८२ हर्ट्झला! जे मिक्सरपर्यंत पोचलेच नाही ते बासच्या कळीने वाढणार कुठून? वाढते ती घरघर.

गिटार मिक्सरला जोडायचा साधा पॅसिव्ह (वीज न लागणारा) डीआय बॉक्सही कामाचा नाही. त्याचे १४० किलोओहम धरले तरी चाळणी ११०० हर्ट्झच्या वर राहते. १ मेगाओहमला ती १६० वर येते आणि १० मेगाओहमला १६ वर, म्हणजे सहाही तारांच्या खाली. म्हणून दुकानात ‘पिएझोसाठी १० मेगाओहम इनपुटचा प्रीअँप’ (मिक्सरच्या आधी सिग्नल सावरणारे छोटे यंत्र) असेच मागा. समोर डीआय बॉक्स ठेवला तर खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. तोवर कार्यक्रम निभवायचा असेल आणि मिक्सरवर ‘हाय-झी’ (जास्त इम्पिडन्सचे) बटण असेल, तर ते दाबून बघा. फरक लगेच कळेल.

गिटारपासून प्रीअँपपर्यंतची केबल ३ मीटरच्या आत ठेवा. दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड वाढतात, त्यामुळे ५ मीटरच्या केबलमध्ये सिग्नल दोन तृतीयांश उरतो. प्रीअँपला एक्सएलआर (माइकच्या तीन पिनी केबलचा) आउट असेल तर तिथून पुढे २०-३० मीटर नेली तरी बिघडत नाही.

एवढे केले की बास येईल, पण छडी मारल्यासारखा प्लास्टिकी टणकपणा राहील. तो पिएझोचा स्वभाव. त्याला सॅडलवरचा धक्का जसाच्या तसा ऐकू येतो, लाकडाच्या पेटीतून हवेत सुटलेला आवाज जवळजवळ नाही. इथे बहुतेक जण ट्रेबल वाढवतात आणि फसतात. आधी कमी करायला शिका. ८० हर्ट्झखाली लो-कट (खालचे सूर कापणारी कळ), मग मिडची कळ १.५ ते ३ किलोहर्ट्झच्या मध्ये फिरवत जिथे टोचते तिथे ४ ते ६ डेसिबल कमी. सभामंडपात फरशी आणि भिंती गुणगुणतात, तेव्हा २०० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी करा. वर १० किलोहर्ट्झला जरासे वाढवले तर चालते. हे सगळे गायक गात असताना करा. एकट्या गिटारला ऐकून लावलेला इक्यू (या कळांची मांडणी) गाण्यात बुडतो.

इम्पल्स रिस्पॉन्सचे पेडल मिळते. माइकसमोर वाजलेल्या गिटारची छाप ते पिएझोच्या आवाजावर चढवते आणि टणकपणा बराच लपतो. पण ते सर्वांत शेवटी घ्यायचे. इम्पिडन्स चुकलेला असेल तर महागडे पेडलही पत्राच वाजवील.

प्रश्न – पाऊस सुरू झाल्यापासून बारीक ‘ई’ तार स्पीकरवर ऐकूच येत नाही. हातात गिटार ठीक वाजते. अ‍ॅक्शनही (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर आली आहे. (एक वाचक, फोंडा)

उत्तर – दोन्ही तक्रारींचे मूळ दमटपणात असावे. सॉलिड टॉपला (अखंड लाकडाच्या वरच्या फळीला) ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलैत घरात ८५ सहज असते. लाकूड फुगते, ब्रिजमागचा भाग पोट काढतो, तारा वर उचलल्या जातात. त्याच ओढाताणीत सॅडलची खाच किंचित हलते आणि सॅडल पिकअपवर सारखे टेकत नाही. जिथे दाब नाही तिथे वीज नाही, आणि वीज नाही तिथे तार मुकी.

तारा ढिल्या करून सॅडल बोटांनी उचला. पक्कड लागली तर ते फार घट्ट आहे, आणि घट्ट सॅडल तारांचा दाब स्वतःच पेलते, खाली पोचू देत नाही. डुगडुगून पुढे कलत असेल तर तेही वाईट. खाचेतला भुसा आणि वाळलेला डिंक बारीक ब्रशने काढा. पिकअपची वायर जिथून आत जाते त्या भोकाची कड बघा. कड उभी असेल तर पट्टी तिथे वाकते आणि त्या टोकाची तार हरवते. कड गोल करून घ्या.

मग सॅडलचा तळ. त्यावर पेन्सिलने आडव्या रेघा मारा. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर दुहेरी टेपने चिकटवा. सॅडल एका चौकोनी लाकडी ठोकळ्याला टेकवून सरळ उभे धरा आणि एकाच दिशेने ओढा. सगळ्या रेघा एकदम गेल्या की तळ सपाट झाला. मधल्या रेघा गेल्या आणि टोकाच्या राहिल्या, तर तळ मध्ये फुगीर होता. तोच तुमचा चोर.

एक गोष्ट मात्र करू नका: अ‍ॅक्शन उतरवायला जुलैत सॅडल घासू नका. सॅडल १ मिलिमीटर घासले की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली येते. जानेवारीत लाकूड सुकून पोट बसले की तारा फ्रेटवर खडखडतील आणि घासलेले हाड परत येत नाही. गिटार ठेवायच्या पेटीत सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) ठेवा. जेल ओले झाले की तापवून सुकवायचे.

प्रश्न – समुद्राकाठच्या शॅकमध्ये वाजवताना मध्येच ‘हूऽऽ’ असा आवाज उठतो आणि थांबत नाही. (एक वाचक, पेडणे)

उत्तर – घुमट या आपल्या मातीच्या वाद्याचे मागचे तोंड हाताने झाकले-उघडले की आतली हवा निराळी बोलते ना? गिटारच्या भोकाचेही तसेच. बहुतेक मोठ्या गिटारींत आतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास, तर लाकडी टॉप २०० च्या आसपास घुमतो. मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड असलेला स्पीकर) भोकासमोर असला की ती हवा हलते, टॉप थरथरतो, पिकअप ते पकडतो, आणि चक्र सुरू. भोकावर रबरी झाकण बसवा, १०० चा घुमारा बराचसा संपतो. कोणता सूर उठतो ते तारेवर शोधा. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट ९८ हर्ट्झ, मोकळी तिसरी तार १९६. तिथे नॉच (तेवढाच सूर कापणारी कळ) लावा. प्रीअँपवरचे फेजचे (सिग्नल उलटा करणारे) बटण दोन्हीकडे करून बघा, कधी तेवढ्यानेच भागते. मॉनिटरमधला बास समोरच्या स्पीकरपेक्षा जास्त कापा, तिथे तुम्हाला फक्त सूर कळायला हवेत. माइक लावूच नका, शॅकमध्ये वारा आणि ड्रम दोन्ही त्यात शिरतात.

प्रश्न – जनरेटरवर गुणगुण येते. माइकला ओठ लागला की बारीक मुंग्या येतात. अर्थची पिन काढली तर गुणगुण जाईल का? (एक वाचक, काणकोण)

उत्तर – नाही! पिन अजिबात काढू नका. मुंग्या येतात म्हणजे मिक्सर आणि गिटारचा अँप वेगवेगळ्या अर्थवर आहेत, किंवा जनरेटरला अर्थच नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे असाल तर हे जिवावर बेतू शकते. सगळी यंत्रे एकाच बोर्डवर, तीन पिनी प्लगने घ्या, बोर्डवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. त्यानंतर उरलेली गुणगुण डीआय बॉक्सवरच्या ग्राउंड लिफ्टने घालवा. तो फक्त सिग्नलचा धागा तोडतो, विजेचा अर्थ शाबूत राहतो. मुंग्या थांबल्या आहेत असे वायरमनने टेस्टर लावून दाखवेपर्यंत गिटार पेटीतच राहू द्या.