पावसात दहा-बारा जणांचा ग्रुप माउंटन बाइकवर न्यायचाय. टायर कोणते आणि हवा किती ठेवावी?

टायरचं आधी उरकून टाकतो. २.३ ते २.४ इंची, मऊ रबराचे, नॉब (टायरवरचे रबरी दात) उंच आणि विरळ असलेले. दाट नॉबचा टायर चिकणमातीत बघता बघता भरतो आणि मग तो गुळगुळीत टायरच उरतो. ट्यूबलेस असेल आणि चालवणारा ७०-७५ किलोचा असेल तर पुढे २२, मागे २५ पीएसआयच्या आसपास, म्हणजे कोरड्यात ठेवता त्यापेक्षा दोनेक पीएसआय कमी. ट्यूब असेल तर २८ च्या खाली जाऊ नका. दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि एका फटक्यात दोन भोकं पडतात. वजनदार माणसाला दोन-तीन पीएसआय जास्त. बस.

आता खरं बोलतो. पावसात ग्रुप टायरमुळे अडचणीत येत नाही, थांबण्यामुळे येतो. पेडल मारतोय तोवर अंग गरम असतं. ओल्या कपड्यांत वाऱ्यात थांबलं की पाच मिनिटांत हुडहुडी भरते, आणि त्यासाठी तापमान शून्याजवळ असायची गरज नाही, १०-१२ अंशांतही हे होतं. बारा जणांत एकाची सायकल बिघडली की अकरा जण भिजत उभे. त्यामुळे तयारीतल्या प्रत्येक गोष्टीला मी एकच प्रश्न विचारतो: यामुळे किती थांबावं लागेल?

आणि सगळ्यात जास्त थांबवतात ते ब्रेक. यावर मात्र सविस्तर लिहिणार, कारण हा प्रकार मी फार जवळून पाहिलाय. एका मोठ्या ग्रुपबरोबर मी दुसरा गाईड होतो. निघण्याआधी मुख्य गाईडने सगळ्यांचे लिव्हर दाबून पाहिले, ब्रेक लागतायत म्हणून 'ओके' केलं. लांब उतार, बारीक वाळू मिसळलेला चिखल, सतत रिपरिप. उताराच्या मध्यावर एकाचा मागचा लिव्हर थेट हँडलला टेकायला लागला. सायकल भाड्याची, केबलचा डिस्क ब्रेक. त्याने केबलचा ॲडजस्टर फिरवत नेला, पार शेवटपर्यंत. तरी फरक नाही.

हे का होतं ते नीट समजून घ्या. बहुतेक साध्या केबल डिस्कमध्ये बाहेरचा एकच पॅड हलतो. तो रोटरला, म्हणजे चाकावरच्या धातूच्या चकतीला, ढकलून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजले की आतला पॅड रोटरपासून लांब राहतो, आणि ती फट केबल ताणून भरून निघत नाही. उलट कॅलिपरचा (पॅड ज्यात बसतात त्या भागाचा) दांडा आधीच फिरलेला राहतो आणि त्याची उरलेली चाल वाया जाते. म्हणून आधी आतल्या पॅडचा नॉब फिरवून पॅड रोटरला टेकवायचा, मग एक-दोन क्लिक मागे घ्यायचा आणि त्यानंतर केबलकडे बघायचं. काही कॅलिपरवर हे काम अॅलन कीने होतं. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक ही झीज आपोआप भरून काढतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. आणि मग एकदम धातूवर धातू घासल्याचा खरखराट ऐकू येतो.

त्या दिवशी आतला नॉबही संपला होता. पॅडची नुसती धातूची पट्टी उरली होती. नवे पॅड ग्रुपकडे होते, पण ते मुख्य गाईडच्या पाठीवर, आणि मुख्य गाईड सगळ्यात पुढे, दोन वळणं खाली. एक जण पळत जाऊन त्याला घेऊन आला, तेव्हा कळलं की पॅडचा आकार वेगळा आहे, या कॅलिपरमध्ये ते बसतच नाहीत. शेवटी सायकल हातात धरून उतरवली. तेवढ्या वेळात वर थांबलेल्या दोघांची बोटं इतकी बधिरली की त्यांना स्वतःचे लिव्हर नीट दाबता येईनात. चालती सायकल असून तेही पायीच उतरले.

म्हणून सांगतो, लिव्हर दाबून बघणं म्हणजे ब्रेक तपासणं नव्हे. चाक काढा आणि पॅडवरचा घासणारा थर डोळ्यांनी बघा. नव्या पॅडवर तो साधारण २ मिलिमीटर असतो, ०.५ मिलिमीटरला पॅड बाद समजतात. पावसाच्या राइडला मी १ मिलिमीटरलाच बदलतो, कारण वाळूच्या चिखलात रेझिनच्या पॅडचा एवढा थर एका दिवसात सहज झिजतो. रेझिनचे पॅड शांत चालतात, लगेच पकडतात, म्हणून लोकांना आवडतात. पण ओल्यात सिंटर्ड, म्हणजे धातूमिश्रित पॅडच लावा. किंचाळतील, किंचाळू द्या. फक्त रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं नाही ना ते पाहा. त्या रोटरचं पोलाद मऊ असतं, सिंटर्ड पॅड त्याला खाऊन टाकतात. आणि नवे पॅड आदल्या दिवशी बसवून सौम्य उतारावर पंधरा-वीस वेळा वेग घेऊन चालण्याच्या गतीपर्यंत आणा, चाक लॉक होऊ न देता. हे न करता भर पावसात उतरलात तर ब्रेक अर्धाच धरेल. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर सरकतात आणि रोटर परत आत जात नाही.

आठवडाभर आधी प्रत्येकाकडून ब्रेकचं मॉडेल, चाकाचा आकार, मागे किती स्पीड (गिअर) आहेत आणि हँगरचा, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्याने जोडलेला असतो त्या छोट्या तुकड्याचा, फोटो मागवा. हँगर जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. तुम्ही सगळे बाळगू शकत नाही, ज्याने त्याने आपापला आणावा. पावसात गवत आणि चिखल डिरेलरच्या छोट्या चाकांत गुंडाळला जातो, माणूस जोर लावून पेडल मारत राहतो, हँगर तुटतो आणि डिरेलर स्पोकमध्ये जातो. ग्रुपला निघतानाच सांगा: गिअर अडखळला की पेडल त्या क्षणी बंद, उतरा, गवत हाताने ओढून काढा, बाटलीतलं थोडं पाणी मारा. एवढ्याने अर्धे बिघाड टळतात.

आता माझ्या जुन्या वादाचा मुद्दा. त्या राइडचा मुख्य गाईड आजही म्हणतो की सगळ्यात अनुभवी माणूस पुढे हवा, कारण वाट तो निवडतो. मला हे साफ अमान्य आहे. वाट आदल्या दिवशी ठरवता येते, नकाशावर टाकता येते. पंक्चर, पडणं, गारठणं हे सगळं मागे घडतं, आणि पुढचा माणूस त्यापासून दर मिनिटाला लांब जात असतो. अनुभवी गाईड शेवटी हवा आणि हत्यारांची बॅग त्याच्याच पाठीवर हवी. तिच्यात चांगला पंप, ट्यूबलेसचे प्लग, दोन ट्यूब, तुटलेली चेन जोडायला ११ आणि १२ स्पीडच्या क्विक लिंक, चेन टूल, ग्रुपमधल्या प्रत्येक प्रकारच्या ब्रेकचे पॅड, झिप टाय, ओल्यात टिकणारं चेनचं तेल आणि पिशवीत बंद केलेलं कोरडं फडकं. पंक्चरचे पॅच विसरा, ओल्या ट्यूबवर ते धरत नाहीत. सरळ ट्यूब बदला, पण आधी टायरच्या आतून हात फिरवून काटा शोधा.

पुढच्या गाईडची कामं दोन. वेग सगळ्यात हळू माणसाला झेपेल इतका ठेवणं, आणि प्रत्येक फाट्यावर आपल्या मागच्याला उभं करणं. तो माणूस शेवटचा गाईड दिसेपर्यंत जागचा हलत नाही. उतारावर पुढचा मोकळा झाल्याशिवाय मागच्याने सुटायचं नाही. ओल्यात थांबायला किती अंतर लागतं याचा अंदाज नवख्याला येत नाही.

बिघाड झाला की सगळ्यांनी घोळका करायचा नाही. सायकलवाला, शेवटचा गाईड आणि एक मदतनीस, तिघेच थांबतात. बाकीचे पुढच्या गाईडबरोबर आधी ठरलेल्या आडोशाच्या जागेपर्यंत चालत राहतात, आणि पोहोचल्या पोहोचल्या, थंडी वाजायच्या आधी, जाकीट चढवतात. पंधरा मिनिटांत दुरुस्ती झाली नाही तर सायकल ढकलत निघायचं. आडोसा नसेल तर सगळे आत बसतील असं एक ग्रुप शेल्टर सोबत हवंच. आत सगळ्यांच्या श्वासाने झपाट्याने ऊब येते.

गारठलेला माणूस स्वतःहून सांगत नाही. बडबड्या गप्प होतो, शांत माणूस चिडतो, जिभेला अडखळायला होतं, हातातून बाटली निसटते. अंगठा करंगळीला टेकवायला सांगा. जमत नसेल तर त्याची राइड संपली. ओले कपडे काढून कोरडे चढवा, वाऱ्यापासून आडोशाला न्या, शुद्धीवर असून नीट गिळत असेल तर काहीतरी गोड द्या. हातपाय चोळू नका. थरथर थांबली आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर तो बरा झालेला नाही. लगेच मदत बोलवा.

बाकी बारीकसारीक: क्लिपचे (बूट अडकवायचे) पेडल चिखलाने भरतात, नवख्यांना पिनवाले फ्लॅट पेडलच द्या. ओल्या मुळांवरून काटकोनात जायचं, ब्रेक आधीच मारायचा, मुळावर असताना अजिबात नाही. डबक्यात तळ दिसत असेल तर सरळ मधून. बाजूने गेलं की दर राइडला पायवाट रुंद होते. मोबाइलचा स्क्रीन ओल्या बोटांना दाद देत नाही, बटणं असलेलं जीपीएस आणि प्लास्टिकमधला कागदी नकाशा दोन्ही गाईडकडे हवेत.

आणि हे सगळं लागू आहे ते राइड निघण्यासारखी असेल तर. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ असेल तर डोंगराच्या धारेवरून खाली या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुन्हा वर जाऊ नका. ओढ्याचं पाणी गढूळ, गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर ओलांडायचा नाही, तळाचे दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर काठावरूनही मागे सरका. उथळ ओढ्यातून जाताना सायकल आपल्या खालच्या बाजूला धरा, म्हणजे प्रवाह ती तुमच्या पायांवर आणणार नाही. चाकांमागे खोल चर उरत असेल तर त्या वाटेवर त्या दिवशी जाऊच नका. नवखे सहापेक्षा जास्त असतील तर दोन गाईडही कमी पडतात, तिसरा घ्या नाहीतर ग्रुप लहान करा.

परतल्यावर सायकली साध्या पाण्याच्या धारेने धुवा, प्रेशर वॉशर हबवर आणि बेअरिंगवर मारू नका. चेन कोरडी करून तेल त्याच दिवशी घाला. आणि पॅड तेव्हाच काढून पुन्हा मोजा, म्हणजे पुढच्या राइडआधी नेमक्या आकाराचे मागवायला वेळ हाताशी राहतो.