कृष्णविवराचं घटनाक्षितिज ओलांडताना काही जाणवतं का? बाहेरून माणूस गोठलेला दिसतो, मग तो आत जातो का?

विवर पुरेसं मोठं असेल तर ओलांडताना काहीच जाणवत नाही, आणि हो, पडणारा खरोखरच आत जातो. मी बेळगावात पीयूसीला (अकरावी-बारावीला) भौतिकशास्त्र शिकवतो. हे उत्तर आइनस्टाईनच्या 1915 च्या सापेक्षता सिद्धांतातून निघतं. क्षितिज म्हणजे कुठला पृष्ठभाग नव्हे, तर जिथून प्रकाशही मागे फिरू शकत नाही अशी सीमा. गोकाकच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला घटप्रभेत पोहणारा एका जागेपुढे गेला की मागे येऊच शकत नाही, पण पाण्यावर तिथे रेघ मारलेली नसते, तसंच हे. माणसाला मारतो तो डोकं आणि पाय यांच्यावरच्या ओढीतला फरक. आकाशगंगेच्या मध्यावरचं विवर सुमारे 43 लाख सूर्यांइतकं जड आहे. त्याच्या क्षितिजापाशी हा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या जेमतेम दहा हजारांश भरतो. 10 सूर्यांइतक्या जड विवरापाशी मात्र तो पृथ्वीच्या गुरुत्वाच्या कोट्यवधी पट, म्हणजे माणूस क्षितिजाच्या कितीतरी आधीच फाटतो. गोठलेला दिसतो, कारण त्याच्याकडचा प्रकाश अधिकाधिक उशिरा, लाल आणि फिका होत पोचतो. थांबतं ते चित्र, माणूस नाही! त्या मोठ्या विवरात पुढे केंद्रापर्यंत फार तर मिनिटभर मिळतं, यानाचं इंजिन कितीही रेटलं तरी. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: 2012 मध्ये काही शास्त्रज्ञांनी पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) आधारे क्षितिजावर आगीची भिंत असू शकते असा युक्तिवाद मांडला. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि आतून संदेश येत नसल्याने आत पडणाऱ्याचा अनुभव बाहेर बसून तपासता येत नाही.