‘अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते’ म्हणतात, पण मला नुसता अशक्तपणाच जाणवतो. माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही, कमी पडत नाहीये. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं आजारपण चाललंय, मंडळीतले, म्हणजे चर्चमधले लोक भेटायला येतात, हे वचन वाचून दाखवतात, प्रार्थना करून जातात, आणि दार बंद झालं की तुम्हाला आणखीनच एकटं वाटतं. मला अकरा वर्षांपासून आमवात आहे. हेच वचन मलाही कितीतरी जणांनी ऐकवलं आणि बराच काळ ते मला टोचत राहिलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे बघा की ते कोण कोणाला म्हणतंय. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र आहे, त्याच्या बाराव्या अध्यायात (२ करिंथ १२) प्रभू ते पौलाला म्हणतो, आणि पौल ते स्वतःबद्दल सांगतो. दुसऱ्याच्या खाटेशी उभं राहून त्याने ते कोणाला ऐकवलेलं नाही. करिंथमधले काही लोक म्हणत होते की याची पत्रं वजनदार, पण माणूस समोर आला की दुबळा. त्यावर पौल आपल्या मोठेपणाची यादी देतो आणि ती कशी, तर पाच वेळा एक कमी चाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलं. शेवटी तर दिमिष्क (दमास्कस) शहरातून जीव वाचवण्यासाठी टोपलीत बसून भिंतीवरून खाली उतरावं लागलं, तेही सांगून टाकतो. एवढं सोसलेला माणूस बोलतोय. ती त्याची साक्ष आहे, तुमच्या विश्वासाची परीक्षा घ्यायला काढलेला प्रश्न नाही.

दुसरं म्हणजे, त्याच अध्यायात पौल ज्याला ‘शरीरातला काटा’ म्हणतो ते त्याचं दुखणं. तो नेमका काय होता, हे त्याने कुठेच सांगितलेलं नाही. डोळ्यांचं दुखणं, ताप, विरोधकांचा छळ असे तर्क लोक करत आले आहेत. पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ टोकदार खुंटा असाही होतो, म्हणजे दुखणं किरकोळ नसावं. पौल त्याला ‘सैतानाचा दूत’ म्हणतो. देवाने त्याचा उपयोग करून घेतला हे तो मानतो, पण दुखण्याला गोड नाव देत नाही. तेव्हा ‘आजार हे वरदानच आहे’ असं कोणी म्हणालं तर मान डोलवायची सक्ती तुमच्यावर नाही. हा काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही तीनदाच प्रार्थना केली, की हा प्याला माझ्यापासून टळून जावो. बरं होण्यासाठी रडून मागणं हा अविश्वास असता, तर तिथे येशूच्या तोंडी ते शब्द आले नसते. औषधं घ्या, डॉक्टरांकडे जा, आणि मागतही राहा.

आता उत्तरातला तो शब्द: ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ मी ‘पुरे’ ऐकायचे आणि मनात ‘भरपूर’ असं धरून बसायचे. वाटायचं, एक दिवस आतून असं बळ येईल की मी पूर्वीसारखी संडे स्कूलची मुलं सांभाळेन, चार घरी भेटी देईन. तसं झालं नाही. मग केव्हातरी मान्न्याची, म्हणजे रानात देव इस्राएल लोकांना जे अन्न द्यायचा त्याची गोष्ट पुन्हा वाचली. ज्याचं त्याला त्या दिवसापुरतं मिळायचं, आणि उद्यासाठी म्हणून कोणी राखून ठेवलं तर त्यात किडे पडायचे. पुरे म्हणजे एवढंच, आजच्यापुरतं.

एक प्रसंग सांगते. त्या सकाळी बोटं मिटतच नव्हती. ब्लाऊजची बटणं नवऱ्याने लावून दिली आणि उपासनेला गेलो. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा, तो छोटा पेला माझ्या बोटांत धरवेना. थरथरून द्राक्षारसाचे दोन थेंब साडीवर पडले. मला इतकी लाज वाटली की पेला तसाच परत ठेवणार होते. शेजारच्या आजींनी काही न बोलता तो माझ्या हातातून घेतला, एक तळवा हनुवटीखाली धरला आणि लहान मुलाला पाजावं तसा ओठांना लावला. मी वीस वर्षं इतरांना वाढत, शिकवत, सावरत आले होते. घेणं मला येतच नव्हतं. त्या घोटाला मला पहिल्यांदा कळलं की मी काहीच न करता मला दिलं जातंय. दुखणं तसंच होतं. घरी येऊन झोपले ते संध्याकाळपर्यंत.

पौल पुढे म्हणतो की ख्रिस्ताचं सामर्थ्य माझ्यावर येऊन राहावं. ग्रीकमध्ये तिथलं क्रियापद तंबूवरून आलेलं आहे. तंबू माणसाच्या वर उभा असतो, आतला माणूस आडवा पडलेला का असेना. तुम्हाला ‘आत’ काही जाणवत नाही म्हणता, त्यावर मला हेच आठवलं.

आणि भेटायला येणाऱ्यांबद्दल. बायबलमधल्या ईयोबावर संकटांमागून संकटं आली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कोणी चकार शब्द काढला नाही. तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले तिथे बिघडलं. शेवटी देव त्यांना सुनावतो की माझ्याविषयी ईयोब जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, आणि ईयोबाने तर तोवर देवाकडे तक्रारींचा पाढा वाचला होता.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ८८ काढा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, आणि पहिल्या ओळीपासून देवालाच हाक मारतं. वाचायचंही त्राण नसेल, तर पुढच्या वेळी जो कोणी येईल त्याच्या हातात पुस्तक द्या आणि सांगा, करिंथकरांचं पत्र आज राहू दे, हे वाचा, आणि मग थोडा वेळ माझ्याजवळ नुसते बसा.